माहिती अधिकारात अर्ज टाका!

सरकारी कचेरीतली काही वाक्यं पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असतात. 'साहेब मीटिंगला गेलेत', 'उद्या या', 'हे टेबल माझं नाही'. आजोबांनी ती ऐकली, वडिलांनी ऐकली, आपणही ऐकतो. गेल्या वीस वर्षांत या खजिन्यात एका नव्या वाक्याची भर पडली आहे, आणि ते ऐकायला बाकीच्यांपेक्षा फारच सभ्य आहे : 'माहिती अधिकारात अर्ज टाका.'

ऐकणाऱ्याला वाटतं, वा, हा माणूस आपल्याला आपला हक्क समजावून सांगतोय! प्रत्यक्षात त्याने खिडकी बंद केलेली असते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घरपट्टी या विषयाचा ज्यांना कंटाळा आहे त्यांना इथूनच निघता येईल. (नातेवाईक मंडळींना ही सवलत नाही. आत्याचं प्रकरण तुम्हाला पूर्ण वाचावं लागेल.) घरपट्टी कशी काढली हे सांगणं हा कर आकारण्याचाच एक भाग आहे. त्यासाठी नागरिकाकडून अर्ज मागणं म्हणजे वाण्याने बिलावर फक्त एकूण रक्कम लिहायची, आणि तूरडाळ कितीची, साखर कितीची असं विचारलं की म्हणायचं, 'दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज करा, महिन्याभरात कळवतो.' आणि तोवर उधारीवर व्याज चालू!

घरपट्टीचं गणित मुळात अवघड नाही. आपल्या नगरपरिषदा १९६५ च्या कायद्याने चालतात (महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, एवढं लांबलचक नाव आहे त्याचं). भाडेमूल्याच्या पद्धतीत घर वर्षभर भाड्याने दिलं तर किती भाडं येईल ते धरायचं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरलं ते करयोग्य मूल्य आणि त्यावर ठरलेल्या टक्क्याने कर. भाडं काढायचं कसं? क्षेत्रफळ गुणिले दर महिन्याचा दर गुणिले १२. दर ठरतो तो घर कुठल्या भागात आहे, बांधकाम आरसीसी आहे की पत्र्याचं, स्वतः राहता की दुकान काढलंय यावर. म्हणजे सगळे मिळून चार-पाच आकडे. पाचवीतल्या मुलाला जमेल असा गुणाकार.

आता घरातलं बिल काढून पाहा. वृक्षकर असेल, शिक्षण कर असेल, अग्निशमन असेल, कचऱ्याचं शुल्क असेल. थोडक्यात, लग्नाच्या केटररच्या बिलासारखं सगळं असेल. पण तुमचं घर किती चौरस मीटर धरलं, कुठल्या दराने धरलं, कुठल्या प्रकारचं धरलं? माझ्या पाहण्यातल्या बिलांवर बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. गुणाकाराचं उत्तर छापायचं आणि गुणाकार लपवायचा.

आमच्या आत्याचं घर एका तालुक्याच्या गावी आहे. नगरपरिषदेचं नाव घेत नाही. एक तर तिला तिथेच राहायचंय, आणि दुसरं म्हणजे नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. आकारणीची यादी दर चार वर्षांनी तरी नव्याने करायची असा कायदा आहे, तशी ती झाली. सर्वेक्षण बाहेरच्या एजन्सीला दिलेलं. दोन मुलं टॅब घेऊन आली, अंगणातून फोटो काढला, चहा नको म्हणाली आणि गेली. काही महिन्यांनी नोटीस आली. घरपट्टी २,१८० वरून ५,९४० !

आत्या निवृत्त शिक्षिका, तीही गणिताची. ती खिडकीवर गेली. (तिथला मुलगा तिचा जुना विद्यार्थी निघाला नाही. तसं सिनेमात होतं.)

"मावशी, सगळ्यांचीच वाढलीय."

"सगळ्यांचं राहू दे रे बाळा, माझं क्षेत्रफळ किती धरलंय तेवढं सांग."

"ते असं देता येत नाही. माहिती अधिकारात अर्ज टाका."

इथे जरा थांबू या, कारण खरी गंमत इथेच आहे. आकारणीची यादी तयार झाली की ती जाहीर करायची आणि मालमत्तेचा मालक किंवा भोगवटादार असणाऱ्याला ती पाहू द्यायची, त्यातले उतारे फुकट उतरवून घेऊ द्यायचे, हे त्या १९६५ च्या कायद्यातच आहे. माहिती अधिकाराचा कायदा देशभर लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ ला. म्हणजे त्याच्या ४० वर्षं आधीपासून आत्याला त्या खिडकीवर उभं राहून आपली नोंद बघण्याचा हक्क होता. स्टॅम्प नको, जोडपत्र 'अ' नको, पोच नको. नव्या कायद्याने जुना हक्क काढून घेतलेला नाही. काढून घेतला तो त्या वाक्याने.

आणि का काढून घेतला हे कळायचं तर दोन घड्याळं शेजारी ठेवावी लागतात. हरकत घ्यायला नोटिशीत ३० दिवस दिलेले होते. माहिती अधिकारात उत्तर द्यायलाही ३० दिवस. आत्याने नोटीस मिळाल्यापासून आठव्या दिवशी अर्ज दिला, म्हणजे हरकतीचे उरले २२. उत्तर आलं अर्जाच्या एकोणतिसाव्या दिवशी. कायद्याने अगदी वेळेत! 'आपण मागणी केलेली माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कार्यालयीन वेळेत येऊन अवलोकन करावे.' एका घराचं क्षेत्रफळ, विस्तृत स्वरूपाचं. ती अवलोकनाला गेली तर मोजमापाची पत्रकं एजन्सीकडे.

हरकत तिने मुदतीत दिलीच होती. पण हातात कागद नसताना तीत लिहिणार काय? 'वाढ अवाजवी वाटते.' सुनावणीला दीड मिनिट मिळालं. समोरचे अधिकारी म्हणाले, "मॅडम, नेमकी चूक काय आहे ते दाखवा." चूक ज्या कागदात आहे तो कागद त्यांच्याच कार्यालयाने अडवून धरलेला. हरकत फेटाळली.

मग पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. आमच्याकडे अपील ऐकणारे मुख्याधिकारीच. आदेश चांगला झाला, १५ दिवसांत विनामूल्य माहिती द्या म्हणून. कागद आला चार महिन्यांनी. घर ६१ चौरस मीटरचं, यादीत ८४. पुढची पडवी आणि मागचा पत्र्याचा गोठा (गेली पंधरा वर्षं त्यात गाय नाही, सायकली आहेत) घरात धरलेले, आणि गोठ्यासकट सगळं आरसीसी! ते घेऊन गेली तर उत्तर, "यादी अंतिम झाली, आता पुढच्या आकारणीला बघू." मुळात चुकून झालेली नोंद यादीत नंतरही दुरुस्त करता येते, त्याची तरतूद कायद्यात आहे. पण ती सांगायला कोण जातंय? तोवर बिल थकलं तर महिना २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४. एवढं व्याज देणारी एफडी असती तर आत्याने पेन्शन तिथेच ठेवली असती. तिने हरकत कायम ठेवून असल्याचं लिहून पैसे भरले.

हा एखाद्या क्लार्कचा आळस असता तर मी एवढं लिहिलं नसतं. तो मुलगा आळशी नव्हता, उद्धटही नव्हता. त्याला कुणीतरी शिकवलंय की कागद दाखवला तर आपण अडकू, आणि अर्ज घेतला तर आपण सुटू. अर्ज आला की प्रकरण कर विभागाचं राहत नाही, ते जन माहिती अधिकाऱ्याचं होतं. तिकडे मुदत आहे, नमुना आहे, जावक क्रमांक आहे. म्हणजे अडवण्याला कायदेशीर कपडे मिळतात.

महानगरपालिकांत तर घड्याळ आणखी जोरात पळतं. मुंबई सोडून बाकीच्या महानगरपालिकांचा जो कायदा आहे (१९४९ चा), त्यात आकारणीविरुद्ध न्यायालयात अपील करायचं तर १५ दिवसांत, आणि वादातली रक्कम आधी भरून. १५ दिवसांत अपील आणि ३० दिवसांत माहिती! म्हणजे आधी पैसे भरा, मग भांडा, आणि कशाबद्दल भांडत होतात ते त्यानंतर कळेल.

आता 'का' बद्दल. घरपट्टी वाढलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो : का वाढली? आणि माहिती अधिकारात नेमका हाच प्रश्न चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली निकाल दिला की कायद्यातल्या 'माहिती'च्या व्याख्येत 'का' या प्रश्नाचं उत्तर बसत नाही. कार्यालयात जे कागदोपत्री आहे ते द्यायचं, एखादी गोष्ट का केली किंवा का नाही केली याचा खुलासा द्यायचा नाही. कायद्याच्या भाषेत त्यात अर्थ आहे, मी न्यायालयाशी वाद घालत नाही. पण त्या निकालाचा आपल्या कार्यालयांनी जो उपयोग केला तो पाहण्यासारखा आहे. अर्जात कुठेही 'का', 'कसे', 'कोणत्या आधारे' दिसलं की 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असं एका ओळीत उत्तर. आणि त्याच कायद्याचं कलम ४(१)(घ) सोयिस्करपणे विसरायचं! त्यात लिहिलंय की ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना प्रशासकीय निर्णयाची कारणं द्यायची. अर्ज न मागता, आपणहून. म्हणजे 'का'चं उत्तर द्यायचं आहेच, फक्त ते अर्जदाराने मागण्याआधी द्यायचं आहे. माझ्या माहितीत घरपट्टीच्या नोटिशीसोबत असं कारण कुणाला आलेलं नाही.

दुसरी मेख शेजाऱ्याची. घरपट्टीचा वाद बहुतेक वेळा तुलनेचा असतो. त्याच गल्लीत, तसंच घर, त्याचा दर कमी कसा? पण शेजाऱ्याची आकारणी मागितली की कलम ८(१)(ञ), वैयक्तिक माहिती. (टंकलेखनात या 'ञ'चा हमखास 'त्र' होतो. उत्तर खरं आहे की नाही ते यावरून ओळखावं असं आमचा एक मित्र म्हणतो.) पूर्वी त्या कलमात थोडी फट होती, सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर माहिती द्यावी लागे, आणि विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही असं वाक्य होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने ते सगळं कापलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागूही झाला. आता 'वैयक्तिक माहिती' एवढंच म्हटलं की पुरे. व्यापक जनहिताचं ८(२) अजून आहे, पण पडवीच्या दरासाठी जनहित सिद्ध करत कोण बसणार? म्हणून म्हणतो, आकारणी यादी ही पूर्वापार बघण्यासाठी खुली असलेली चीज आहे हे धरून ठेवायला हवं. ती एकदा 'माहिती अधिकारातली माहिती' झाली की तिला या नव्या कलमाचं कुलूप लागलंच म्हणून समजा.

पुण्यातली मंडळी म्हणतील, आमच्याकडे सगळं ऑनलाइन आहे. आहे की! स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना पुण्यात १९७० पासून ४० टक्के सवलत मिळत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, २०१९ पासून नव्या मिळकतींना ती मिळेना, आणि जीआयएस सर्वेक्षणात ज्यांच्या घरी मालक राहत नाही अशी नोंद झाली त्यांचीही गेली. कित्येकांना हे कळलं ते थेट बिलाच्या आकड्यावरून. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा दिली, पण मग पीटी-३ अर्ज भरा, २५ रुपये भरा, पुरावे जोडा आणि तुम्ही तुमच्याच घरात राहता हे सिद्ध करा! चुकीची नोंद कुणी, कशावरून केली याचा कागद त्यांनी दाखवायचा नाही, बरोबर नोंदीचे कागद मात्र आपण गोळा करायचे. मुंबईत भांडवली मूल्याची पद्धत २०१० पासून आली, तिच्या काही नियमांविरुद्ध मालमत्ताधारकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. उच्च न्यायालयाने २०१९ ला ते नियम रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ते कायम केलं. बारा वर्षं. त्यांच्यामागे संघटना होत्या, मोठे वकील होते. आत्याच्या मागे मी आहे, तोही शनिवार-रविवार.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नगरपरिषदेत काम केलेल्या कुणालाही विचारा, माहिती अधिकाराच्या नावाने दुकान मांडलेली माणसं गावोगाव आहेत. बांधकाम परवानग्यांच्या झेरॉक्सी काढायच्या आणि बिल्डरकडे जाऊन बसायचं, हा धंदा आहे. एकाच क्लार्ककडे जन्मदाखले, घरपट्टी आणि माहिती अधिकार अशी तीन टेबलं असतात, रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत. हे सगळं खरं आहे. पण याचा इलाज म्हणून साध्या नागरिकालाही त्याच रांगेत उभं करायचं? बिलावर ते चार आकडे छापा, यादी खिडकीत ठेवा, घरपट्टीचे किती अर्ज उरतील ते बघा. मग उरतील ते धंदेवाले, त्यांच्याशी निवांत लढा. कलम ४(१)(ख) प्रमाणे सतरा बाबी स्वतःहून जाहीर करायच्या होत्या, तेही कायदा झाल्यापासून १२० दिवसांत. आपल्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर जाऊन ती सतरा बाबींची फाइल उघडून पाहा. आमच्याकडे तीत ज्यांची नावं आहेत त्यातले दोघे निवृत्त होऊन गावी शेती करतायत.

दंडाची भीती कुणाला नाही. उशिराबद्दल रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, हे कागदावर जबरदस्त दिसतं. पण तो लावणार राज्य माहिती आयोग, आणि दुसऱ्या अपिलाचा निकाल किती दिवसांत द्यायचा याला कायद्यात मुदतच नाही. सतर्क नागरिक संगठनच्या २०२३ आणि २०२४ च्या अहवालांत महाराष्ट्राच्या आयोगापुढची प्रलंबित प्रकरणं लाखाच्या वर होती. त्यातून लागलाच दंड तर तो खालच्या अधिकाऱ्याच्या पगारातून. एजन्सीला कंत्राट देणाऱ्याला, बिलाचा नमुना ठरवणाऱ्याला त्याची झळ नाही. गेली काही वर्षं तर विचारायला नगरसेवकही नव्हते. नगरपरिषदांच्या निवडणुका रखडल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या, तोवर प्रशासक. अनेक गावांत मुख्याधिकारीच प्रशासक, तेच करवाढीचा ठराव करणारे, तेच माहितीचं अपील ऐकणारे. आता सभागृहं भरली आहेत. निवडून आलेल्यांपैकी किती जणांनी पहिल्या सभेत बिलाच्या नमुन्याचा विषय काढला, बघू या.

असो. आत्याने यादीतली नोंद दुरुस्त करण्यासाठी वेगळा अर्ज दिला आहे आणि त्याला मोजमाप पत्रकाची प्रत जोडली आहे. त्यावर निर्णय व्हायचाय.

तुमच्या गावी नोटीस येईल तेव्हा आधी खिडकीवर जा आणि आकारणी यादी पाहायला मागा, १९६५ च्या कायद्याखाली, तोंडी नव्हे तर दोन ओळींच्या पत्राने, आणि त्याची पोच घ्या. नाही म्हणाले तर तो नकार हरकतीतच लिहा, तारखेसकट. माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी टाका, पण त्यात 'का' लिहू नका. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळही नको. आम्ही आता वापरतो तो मजकूर असा : 'मालमत्ता क्रमांक अमुक. या मालमत्तेच्या चालू आकारणीसाठी केलेल्या मोजमाप पत्रकाची प्रत, नकाशासह. लावलेला दर प्रति चौ.मी. दर्शवणाऱ्या पानाची प्रत. बांधकामाचा प्रकार नोंदवलेल्या पानाची प्रत. दर निश्चित करणाऱ्या ठरावाची प्रत. सर्वेक्षण एजन्सीच्या ताब्यातील वरील कागद कार्यालयाने मागवून द्यावेत.' साठ शब्दही होत नाहीत. पानाला दोन रुपये.